गाडीचं नाक आणि चोर्ल्याचा पाऊस

आम्हा बेळगावकरांना गोवा म्हणजे परसदारच. कुणाची लेक तिकडे दिलेली, कुणाचा मामा तिकडचा, तर कुणाचं कुलदैवत तिकडे. आमची कुलदेवी कवळ्याची शांतादुर्गा. त्यामुळे वर्षातून एकदा तरी पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी हा रस्ता ठरलेला आणि डिकीत कुंद्याचे दोन डबेही ठरलेले. या रस्त्याने पुष्कळदा गेलो. पण २०१० च्या श्रावणातला प्रवास काही विसरता येत नाही. गाडी बाबांची जुनी पद्मिनी होती आणि तिला मी हौसेनं एक नवं नाक बसवलं होतं.

बाबांनी ही गाडी १९८६ साली घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या गल्लीत तिला सगळे ‘फियाट’च म्हणायचे. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, आणि ताकद सुमारे चाळीस घोड्यांची. सपाट रस्त्यावर बिचारी कुरकुर करत नसे. पण गोव्याहून परतताना केरी सोडून घाट सुरू झाला, की दुसऱ्या गिअरवर तिचा जीव घुसमटायचा. आईला वाटे, गाडीला परत यायचंच नाही. जाताना मात्र तीच गाडी साखळीच्या पुढे कशी हलकी धावायची!

यात थोडी खरी गोष्ट आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. इंजिन चालतं ते नुसत्या पेट्रोलवर नव्हे, त्याच्या जोडीला हवा लागते. हे लहानसं इंजिन पूर्ण वेगात फिरताना मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या, दर मिनिटाला! हवा जितकी विरळ, तितका इंजिनाचा घास लहान.

उंची तर आपल्या हातात नाही. पण हवा विरळ होण्याचं दुसरं कारण उष्णता, आणि तिथे काही करता येतं. आमच्या गाडीचा एअर क्लीनर म्हणजे इंजिनावर बसवलेला गोल काळा डबा. त्याची तोटी बॉनेटच्या आतलीच हवा ओढायची, म्हणजे रेडिएटरमधून तापून आलेली. एका घाटप्रवासात लांब वायरचा थर्मामीटर मी त्या तोटीजवळ बांधून पाहिला. बाहेर २९ अंश, तर तोटीपाशी ५८! हिशेब साधा आहे. या तापमानाला तीन-सव्वातीन अंश उतरले, की त्याच जागेत साधारण एक टक्का जास्त हवा मावते.

त्या काळात आमच्या ऑफिसातली तरुण मुलं आपल्या गाड्यांना ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवायची. चकचकीत पाईप, लाल फिल्टर, हजारो रुपये. म्हटलं, आपण घरीच करू. बाबांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, ‘‘कर. पण मूळचं काही कापू नकोस, आणि काढशील ते टाकू नकोस.’’

पहिला पाईप मी शेतीच्या पाण्याचा, पीव्हीसीचा आणला. आमचे मिस्त्री उद्यमबागला कामाला आणि रविवारी घरी गाड्या बघायचे. अर्धं वाक्य मराठी, अर्धं कन्नड. पाईप हातात घेऊन हसले. ‘‘अण्णा, हे बॉनेटखाली मऊ पडतंय. इंजिनाला तण्णन गाळी पाहिजे म्हणून गरम झाल्यावर वाकणारा पाईप लावतोय की काय?’’ त्यांचं बरोबर होतं. ऐंशी अंशांच्या आसपास पीव्हीसी नरम पडतं, आणि एक्झॉस्टच्या बाजूला तेवढी उष्णता सहज असते.

मग गेलो पत्र्याचं काम करणाऱ्याकडे. त्याच्या दुकानात न्हाणीघरातल्या बंबांची धुराडी टांगलेली. तसल्याच तीन इंची नळकांड्याचे दोन तुकडे आणि एक कोपरा त्याने जोडून दिला. आयुष्यभर धूर बाहेर सोडणारी वस्तू आमच्याकडे गार हवा आत घ्यायला आली! जोडांना रबरी नळीचे तुकडे आणि क्लिपा लावल्या, कारण इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही. पाईप दोन्हीकडे घट्ट बांधला तर महिन्यात तडकणार. पाईपचं वजन कार्बुरेटरवर येऊ नये म्हणून बॉडीला एक पट्टी दिली. आत फिल्टर मूळचाच, कागदाचा. एकूण खर्च सहाशे रुपयांच्या आत.

मिस्त्रींनी आठवड्याने प्लग काढून पाहिले. आधी ते काळपट असायचे, आता जरा पांढुरके. गार हवा जास्त आली आणि कार्बुरेटरला ते कळलं नाही, म्हणजे पेट्रोल त्या मानानं कमी पडलं. त्यांनी एक नंबर मोठा जेट बसवला. प्लग बिस्किटाच्या रंगावर आले, तेव्हा म्हणाले, ‘‘आता सरी अदं.’’

थर्मामीटर पुन्हा बांधला. ५८ च्या जागी ३४. म्हणजे सात-आठ टक्के हवा जास्त. मी फुशारकीनं बाबांना सांगितलं, ‘‘तीन घोडे वाढले.’’ ते म्हणाले, ‘‘गवत घालतोस ना त्यांना?’’ खरं सांगायचं तर तीन घोडे कागदावरचेच. मोकळ्या रस्त्यावर वारा आपोआप बॉनेटखाली खेळतो, तिथे फरक जाणवतही नाही. पेट्रोलही काही वाचलं नाही. फरक पडला तो घाटात, हळू चढताना. जिथे दुसरा गिअर टाकावा लागे, तिथे तिसरा थोडा जास्त वेळ टिकू लागला, एवढंच.

एक गोष्ट मात्र मी कुणाला विचारली नव्हती. जास्तीत जास्त गार हवा कुठे, तर जमिनीलगत, असं मानून मी पाईपचं तोंड पुढच्या बंपरच्या मागे, अगदी खाली नेलं होतं. मिस्त्रींनी ते पाहिलं, पण तेव्हा उन्हाळा होता.

श्रावणात आम्ही निघालो. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी, आणि पुढच्या सीटवर बाबा. जांबोटीपर्यंत पाऊस रिमझिम. पुढे जंगल दाट झालं तसा तो आडवा येऊ लागला. ज्यांनी तो भाग पावसाळ्यात पाहिलाय त्यांना सांगायला नको. कणकुंबीला माउलीचं देऊळ आहे, मलप्रभेचा उगम तिथलाच. त्या पट्ट्यात प्रत्येक वळणाला एक ओहोळ रस्ता ओलांडतो. वायपर दोन आणि पाणी दहा वायपरांचं. मुलगी काचेवर बोटानं चित्रं काढत होती.

कणकुंबीच्या अलीकडे एका फरशीवरून पाणी वाहत होतं. फूटभर असेल. पुढची जीप गेली, म्हणून मीही घातली. समोरून एक ट्रक आला, त्याची लाट बंपरवर आदळली, आणि इंजिन एक गचका खाऊन बंद पडलं. उतार होता म्हणून गाडी कशीबशी पाण्याबाहेर घरंगळली.

माझा हात सवयीनं चावीकडे गेला. मागून बेळगावची बस आली होती. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, ‘‘री, स्टार्ट माडब्याड्री! वळग नीर होगिर्तद!’’ बाबांनी माझं मनगट धरलं. ‘‘ऐक त्यांचं.’’

तो हात धरला नसता तर काय झालं असतं, हे नंतर मिस्त्रींनी समजावलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला, की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उतरवण्याशिवाय इलाज नाही. आणि जुन्या गाडीच्या बाबतीत पुष्कळदा तो शेवटच असतो.

बस थांबली, ड्रायव्हर आणि कंडक्टर भिजत खाली उतरले. डबा उघडला तर कागदी फिल्टर भिजलेल्या पापडासारखा. आम्ही चारही प्लग काढले, आणि मग ड्रायव्हरनं स्टार्टर मारायला लावला. प्लगच्या भोकांतून पाणी असेल तर असंच बाहेर उडतं, कारण दाब तयार होत नाही. एका भोकातून थोडे तुषार उडाले, बाकी कोरडी. देवीची कृपा म्हणा किंवा त्या फिल्टरची. त्यानं बहुतेक पाणी स्वतः पिऊन घेतलं होतं. प्लग पुसून बसवले, पाईप सोडवला, फिल्टर काढून ठेवला. पावसात धूळ नसते, म्हणून तेवढं चाललं. दुसऱ्या प्रयत्नाला गाडी बोलली. ड्रायव्हरला पैसे देऊ केले तर तो म्हणाला, ‘‘चहा द्या कणकुंबीला.’’ तोही त्यानं घेतला नाही. बसला उशीर झाला होता.

कणकुंबीच्या हॉटेलात आम्ही चहा घेतला. मी मान खाली घालून बसलो होतो. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुलीला भजी दिली आणि मला म्हणाले, ‘‘हवा कुठली घ्यायची ते तू पाहिलंस. पाणी कुठपर्यंत येतं, ते पाहिलं नाहीस.’’ हळूहळू चोर्ला उतरलो, फोंड्याला नवा फिल्टर मिळाला, कवळ्याला दर्शन झालं.

परत आल्यावर पाईप काढून टाकायचं मी ठरवलं होतं. बाबाच नको म्हणाले. मग मिस्त्रींनी त्याचं तोंड जाळीच्या मागे, हेडलाईटच्या वर, रेडिएटरच्या बाजूला नेलं. तिथेही हवा गारच. थर्मामीटर ३६ दाखवी. दोन अंशांसाठी मी इंजिन पणाला लावलं होतं! तोंड खाली वळवलं म्हणजे पाऊस थेट आत येत नाही, पानं आणि उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी लावली, आणि पाईपच्या सर्वांत खालच्या वळणाला पाव इंचाचं भोक पाडलं. चुकून पाणी आलंच तर तिथून गळून जातं. वाचकहो, आपल्यापैकी कुणी हौसेनं असं काही करणार असाल तर ही चार कामं आधी करा. आणि तोंड किती उंच ठेवायचं ते उन्हाळ्यात ठरवू नका.

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. ती बातमी बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवली आणि त्याच रविवारी गाडी चालू करायला लावली. आता लांब नेत नाही. देवळापर्यंत आणि परत. मुलगी चालवते, बाबा शेजारी बसतात. त्या दिवशी काढलेली मूळची तोटी अजून आमच्या माळ्यावर आहे, जुन्या पेपरात गुंडाळलेली. मी काही टाकलेलं नाही.