कलकत्त्याचा राजहंस

हंस म्हटला की आपल्याला दमयंतीकडे निरोप नेणारा तो शहाणा पक्षी आठवतो. मी सांगतो आहे तो हंस मात्र मोटार आहे. आणि शहाणपणाशी त्याचा संबंध बेताचाच!

कलकत्त्यातल्या रॉबर्ट मॅथ्यूसन नावाच्या एका धनिक साहेबाने 1910 साली हे प्रकरण विलायतेहून बनवून आणले. बनविणारी ब्रुक कंपनी लोस्टॉफ्ट बंदरातली. ती बोटींची इंजिनेही करी. त्यामुळेच की काय, मागे बसलेल्या मालकाने ड्रायव्हरला हुकूम सोडावेत म्हणून जहाजावर असतो तसला टेलिग्राफ गाडीत बसवला होता. पुढे भलीथोरली हंसाची मान, अंधारात चमकणारे डोळे, मागच्या अंगाला सोन्याच्या वर्खाची कमळे. भोंगा म्हणजे ऑर्गनच्या आठ नळ्या. पेटीसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचा. चाकांना चिकटलेली हत्तीची लीद झाडायला ब्रश होते. आणि हंस जिवंत वाटावा म्हणून मागून रस्त्यावर चुन्याचे पांढरे पाणी सांडण्याची सोय! नीरक्षीरविवेकाची बोळवण चुनकळीवर झाली म्हणायची.

इथवर हसू येते. पण त्याच्या चोचीतून गरम वाफेचा फवारा उडे, तो कशाला? तर समोरची गर्दी हटवायला. ही गर्दी म्हणजे कोण? पाटीवाले, गाडीवान, पायी चालणारे तुमच्याआमच्यासारखे लोक. बंगालची फाळणी होऊन पाच वर्षे झालेली, लोक आधीच पेटलेले, आणि हा गृहस्थ इंजिनातली वाफ त्यांच्या तोंडावर सोडत हिंडतो! रस्त्यात इतका गोंधळ उडाला, की अखेर पोलिसांनी मोटार बाहेर काढायला बंदी केली. साहेबाच्या राज्यातल्या पोलिसांचे कौतुक करण्याची वेळ माझ्यावर क्वचित येते. ही त्यांपैकी एक.

पुढे हंस पंजाबातल्या नाभा संस्थानात गेला. 1923 साली इंग्रजांनी महाराजा रिपुदमनसिंगांना गादीवरून दूर केले. 1948 मध्ये संस्थान पेप्सूत विलीन झाले. 1971 मध्ये तनखेही गेले. हंस मात्र सत्तरांहून अधिक वर्षे त्या घराण्यातच राहिला. 1991 साली तो हॉलंडमधल्या लाउमन संग्रहालयाने घेतला, आणि दुरुस्त होऊन आता हेग शहरात उभा आहे.

चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे असतात, म्हणून आम्हां उभयतांना तो पाहायला मिळाला. सौभाग्यवतींनी मान, कमळे, पितळ सगळे निरखून विचारले, "अहो, हा पुसायला किती गडी लागत असतील?" मला वाटते, मॅथ्यूसनसाहेबाला हा प्रश्न कधी पडला नसेल.

आपली वस्तू परदेशी का, म्हणून आपण लगेच हळहळतो. मला तसे वाटले नाही. इथे त्याची निगा उत्तम आहे, आणि मुख्य म्हणजे चोच बंद आहे. मन रेंगाळले ते शेजारच्या पिल्लापाशी. नाभाच्या महाराजांनी 1920 च्या सुमारास या हंसाला जोडीदार म्हणून एक छोटी मोटार करवून घेतली होती. तीही हंसाच्याच आकाराची, पण विजेवर चालणारी. तिला ना वाफ, ना धूर. आमचा नातू मोठ्या हंसाकडे ढुंकूनही न बघता तिच्याचभोवती फेऱ्या घालीत होता.