मधले बोट

अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी ही नावे आम्ही मराठीच्या वर्गात पाठ केली. पण इथल्या शाळेत नुसती मध्यमा उभी केली की शिक्षा होते! ही मुकी शिवी फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांनाही ती ठाऊक होती. अमेरिकेत १८८६ सालच्या एका फोटोत चार्ल्स रॅडबोर्न हा बेसबॉलपटू तशी खूण करताना दिसतो.

आमच्या आज्या मात्र याच बोटावर जपमाळ ठेवून अंगठ्याने मणी ओढतात. चुटकीही याच बोटाने वाजते. भारतातून आलेले आजोबा याच बोटाने पुस्तकातली ओळ दाखवतात, तेव्हा आमचे मित्र खुदकन हसतात. मित्रांना आम्ही समजावतो. आजोबांना काय सांगावे, ते मात्र अजून ठरत नाही.