नातीचे 'पित्त'

मुलुंडला आमचे चाळीस वर्षांचे कापडाचे दुकान आहे. गल्ला मोजल्याशिवाय आणि उधारीची वही पाहिल्याशिवाय मी कधी शटर ओढले नाही. परंतु घरातील चौदा वर्षांच्या नातीच्या पोटात शाळेची वेळ झाली की कळ येते, सुट्टीच्या दिवशी मात्र येत नाही, ही नोंद माझ्या कोणत्याच वहीत नव्हती.

रक्ततपासणी झाली, सोनोग्राफी झाली. दोष काही सापडेना. अखेर बालरोगतज्ज्ञांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले. निदान झाले : चिंताविकार. माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "बाहेर कोणाला कळता कामा नये. उद्या हिचे लग्न करायचे आहे." नातेवाइकांना आम्ही पित्ताचा त्रास सांगितला.

एका रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली व म्हणाली, "आजोबा, तुमचा मधुमेह तुम्ही सर्वांना सांगता. मग माझेच दुखणे का लपवायचे?" मला उत्तर सुचले नाही.

पुढे मी याविषयी वाचू लागलो. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी पाच. समृद्धीने हा प्रश्न सुटतो असेही नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात ३८ संपन्न देशांमध्ये जपानची मुले शारीरिक आरोग्यात पहिली, तर मानसिक स्वास्थ्यात सदतिसावी होती.

नातीचे उपचार सुरू झाले. भीतीला थोडे थोडे सामोरे जाण्याचा सराव : प्रथम शाळेच्या फाटकापर्यंत, मग दोन तास, मग पूर्ण दिवस. अजूनही एखादी सकाळ अवघड जाते. पण ती आता तसे सांगते आणि आम्ही ऐकतो. ज्यांना कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल, त्यांच्यासाठी शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

परवा एका परिचित व्यापाऱ्याने दुकानात विचारले, "नातीचे पित्त कसे आहे?" मी म्हणालो, "पित्त नव्हतेच. मनाचा आजार होता, उपचार चालू आहेत." ते क्षणभर थांबले. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरांचे नाव द्याल? आमच्या धाकट्यासाठी."

त्या रात्री दुकान उशिरा बंद झाले.