जुनी गाडी, नवी गाडी आणि भरवशाचा हिशेब

१/१८
कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी वसलेले गाव. श्रीकृष्णाने रुक्मिणीला रथातून नेले ते येथूनच, अशी श्रद्धा आहे. परंपरेने त्या रथाच्या चार घोड्यांची नावे जपली आहेत: शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. सारथी दारुक याचेही नाव जपले. रथ घडविणाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या ओठी नाही. वाहनाचा भरवसा हा वाहनाचा गुण की ते सांभाळणाऱ्याचा, हा प्रश्न इतका जुना आहे. जुन्या आणि नव्या मोटारींच्या तुलनेचा हा धागा त्याच प्रश्नाभोवती आहे. 🧵

२/१८
वऱ्हाडात कोणत्याही गॅरेजपुढे एक वाक्य हमखास ऐकू येते: जुन्या गाडीसारखी गाडी आता होणे नाही. त्यात दोन दावे आहेत. जुनी गाडी अधिक भरवशाची, हा पहिला. नवी गाडी पेट्रोल कमी पिते पण नाजूक असते, हा दुसरा. हा केवळ आठवणींचा विषय नाही. कौंडण्यपुराहून अमरावती सुमारे चाळीस किलोमीटर. रात्री दवाखाना गाठायचा असेल तर अंगणातील गाडी चालू होते की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते. म्हणून दोन्ही दावे तपासून पाहणे आवश्यक ठरते.

३/१८
प्रारंभ महाराष्ट्रातूनच झाला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. आधी अमेरिकी गाड्यांची जोडणी झाली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने धावू लागली आणि २००० सालाच्या सुमारासपर्यंत जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली. बंगालच्या उत्तरपाडा येथील ॲम्बेसेडरची कथाही तशीच: १९५७ च्या सुमारास आरंभ, २०१४ मध्ये अंत.

४/१८
एकच गाडी तीन-चार दशके बनत राहिली याचे मोठे कारण परवाना राज्य हे होते. गाड्या थोड्या, नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहणे अटळ. स्पर्धा नाही, म्हणून सुधारणेची निकडही नाही. परंतु या जडत्वाचा एक अनपेक्षित लाभ झाला. तीच ती गाडी असल्याने तिचा प्रत्येक सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळू लागला आणि प्रत्येक मिस्त्रीला तिची नस माहीत झाली. 'जुनी गाडी कोठेही दुरुस्त होते' या ख्यातीचे मूळ येथे आहे. त्यात यंत्राच्या श्रेष्ठतेचा वाटा थोडा, परिचयाचा मोठा.

५/१८
पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे. तिच्या मालकाची दिनचर्या मात्र भरगच्च असे. थंडीत चोक ओढणे, रेडिएटरचे पाणी रोज पाहणे, प्लग काढून काजळी झाडणे, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांतील अंतर बसविणे. बॅटरी उतरली तर अनेक गाड्यांना पुढून हँडल मारून चालू करावे लागे. लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट आणि पाण्याचा डबा असलाच पाहिजे, हा अलिखित नियम. ज्या वाहनासोबत इतका शिधा बांधून न्यावा लागतो, त्यावर लोकांचा खरा विश्वास किती होता, हे त्या डिकीतच दिसते.

६/१८
वऱ्हाडचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जुन्या गाड्यांत पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच जोडलेला असे. तो तापला की पेट्रोलची नळीतच वाफ होई, पंपाला वाफ ओढता येत नसे आणि गाडी भर रस्त्यात शांत होई. उपाय ठरलेला: बॉनेट उघडायचे, पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि निंबाच्या सावलीत थांबायचे. नव्या गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि तेथून दाबाने इंधन पुढे ढकलतो. त्यामुळे हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

७/१८
आता देखभालीची मोजदाद. त्या काळच्या गाड्यांत दोन-तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलावे लागे. आज दहा हजारांचा पल्ला सामान्य आहे. लाखाच्या आसपास किंवा त्याआधीच 'इंजिनाचे काम' निघे: हेड उतरवणे, व्हॉल्व्ह घासणे, बोअर करून नवे पिस्टन-रिंग बसवणे. कित्येक गाड्यांचा किलोमीटर मोजणारा काटा पाच आकडीच असे आणि ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई. आजचे इंजिन नीट ऑइल-पाणी मिळाल्यास न उघडता दोन लाख किलोमीटर जाते, यात कोणाला नवल वाटत नाही.

८/१८
मग जुन्या गाड्या टिकाऊ होत्या असे का वाटते? कारण ज्या टिकल्या त्याच डोळ्यांपुढे आहेत. लग्नाच्या वरातीत फुलांनी सजलेली पद्मिनी दिसते. तिच्या शेकडो बहिणी भंगारात वितळून गेल्या, त्या कोणाला दिसत नाहीत. शिवाय उरलेली गाडी अनेकदा तीच नसते. इंजिन बदललेले, पत्रा नव्याने ठोकलेला, वायरिंग दोनदा ओढलेले. तिचे दीर्घायुष्य खरे आहे, परंतु ते तिच्यावर झालेल्या खर्चाचे आणि श्रमाचेही आयुष्य आहे.

९/१८
याचे उत्तम उदाहरण वऱ्हाडातच आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही 'शकुंतला' नॅरोगेज रेल्वे. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिचे डबे सात दशके ओढले. १९९४ मध्ये त्याची जागा डिझेलने घेतली. लोखंड उत्तम होतेच, पण वेग मंद होता आणि इंजिनाभोवती सतत राबणारी माणसे होती: कोळसा टाकणारे, वंगण देणारे, बॉयलर धुणारे. यंत्र जगले, कारण ते कोणीतरी रोज जगवत होते. या हिशेबातील मजुरी वगळली की जुने यंत्र आपोआप अमर वाटू लागते.

१०/१८
वळण आले १४ डिसेंबर १९८३ रोजी. मारुती ८०० च्या पहिल्या गाडीची चावी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिली गेली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, हलका पत्रा, पुढच्या चाकांना मिळणारी ताकद. 'हा डबा वऱ्हाडच्या रस्त्यांवर किती टिकणार?' अशी शंका घेतली गेली. पण ती पहिल्या चावीला सुरू होई. जुन्या चालकांच्या तोंडी पद्मिनीचे ॲव्हरेज लिटरला दहा-बारा किलोमीटरचे, तर मारुतीचे सोळा-अठराचे असते. जाड पत्रा म्हणजे भरवसा हे समीकरण तेव्हा पहिल्यांदा डळमळले.

११/१८
फरक पडला तो कशामुळे? कार्बोरेटर हे साधे, सुबक यंत्र होते, पण ते अंदाजाने चाले. थंडी, उष्मा, चढ, उतार काहीही असो, हवा-पेट्रोलचे प्रमाण काही स्थिर छिद्रांवर ठरे आणि बरेच पेट्रोल न जळताच धुरातून जाई. इंधनाचा दर्जा बेताचा म्हणून इंजिनातील दाबाचे गुणोत्तरही सात-आठच्या आसपास ठेवावे लागे. आज ते दहा-अकराच्या घरात असते. दाब जितका अधिक, तितके त्याच थेंबातून काम अधिक. शिवाय आता एक संवेदक धुरातील प्राणवायू सतत मोजतो आणि संगणक त्यानुसार क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करतो.

१२/१८
हा बदल कायद्याने घडवला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याच वर्षी एप्रिलपासून धुराचे पहिले कडक निकष देशभर लागू झाले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सर्वत्र अनिवार्य झाले. कार्बोरेटरला या निकषांत बसणे अशक्य होते, म्हणून तो मोटारींतून गेला. हवा स्वच्छ व्हावी म्हणून केलेल्या नियमांनी इंजिन जवळजवळ आपोआप अधिक नेमके आणि अधिक भरवशाचे केले.

१३/१८
ॲव्हरेजच्या आकड्यात एक फसगत असते. हजार किलोमीटरला १० च्या ॲव्हरेजने १०० लिटर लागतात, १५ च्या ॲव्हरेजने सुमारे ६७. म्हणजे ३३ लिटर वाचले. तीच उडी २० वरून २५ वर घेतली तर ५० चे ४० लिटर होतात, बचत फक्त १०. म्हणून अगदी जुनी, पेट्रोलपिती गाडी बदलली तर लाभ मोठा होतो. दहा वर्षांपूर्वीची बऱ्यापैकी गाडी केवळ ॲव्हरेजसाठी बदलली तर तो आकड्यात दिसतो, खिशात फारसा नाही.

१४/१८
जाहिरातीतील आकडाही समजून घ्यावा. पुण्याच्या 'एआरएआय' या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेचे नाव त्यासोबत असते. ही चाचणी प्रयोगशाळेत, फिरत्या रुळांवर, ठरलेल्या वेगाने होते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. रस्त्यावर एसी, खड्डे, चार माणसे आणि मागे संत्र्यांची खोकी असतात. म्हणून तो आकडा दोन नव्या गाड्यांची आपसांत तुलना करण्यास चांगला. जुन्या गाडीच्या प्रत्यक्ष अनुभवाशी त्याची तुलना करणे हा अन्याय आहे, आणि तो जुन्या गाडीवर आहे.

१५/१८
आणखी एक नवा घटक: इथेनॉल. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार, वीस टक्के मिश्रणाने शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या मोटारींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटते. वीस टक्क्यांसाठीच जुळवलेल्या गाड्यांत ही घट एक-दोन टक्के. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील यांनाही इथेनॉल मानवत नाही. उसाच्या शेतकऱ्याला जे हिताचे, ते जुन्या गाडीच्या मालकाला महाग पडते. धोरणाची किंमत सर्वांवर सारखी पडत नाही, ती अशी.

१६/१८
आता नव्या गाडीची दुसरी बाजू. ती क्वचित थांबते, पण थांबली की रस्त्यावरचा मिस्त्री हतबल होतो. एखादा छोटा संवेदक गेला तर इंजिन स्वतःची ताकद आवळून घेते आणि दिवा पेटतो. तो का पेटला हे वाचायला यंत्र लागते. बीएस-६ डिझेल गाडीच्या धूरगाळणीत काजळी साचते. ती जळून जाण्यासाठी अधूनमधून लांब, सलग वेगाचा प्रवास लागतो. रोज फक्त शेत ते बाजार फिरणाऱ्या गाडीला तो मिळत नाही. उंदराने वायर कुरतडली तर खर्च वेगळाच. शिवाय अगदी नव्या मॉडेलला सावरायला काळ लागतो: १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाला स्थिर रूप मिळाले ते तक्रारींनंतर आलेल्या २००१ च्या 'व्ही२' मध्ये.

१७/१८
म्हणजे 'भरवसा' या एका शब्दात दोन गोष्टी दडलेल्या आहेत: गाडी किती वेळा थांबते, आणि थांबल्यावर किती लवकर पुन्हा चालते. पहिल्या कसोटीवर नवी गाडी निर्विवाद पुढे. दुसऱ्या कसोटीवर, शहरापासून दूर असलेल्या गावात, जुनी अजूनही पुढे. पूर्वी भरवशाचा अर्धा भार सारथ्याने उचलला होता, आता तो कारखान्याकडे आणि संगणकाकडे गेला. त्यासोबत ज्ञानही गावातून गेले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या संकल्पनेचे पोर्टल सुरू केले. त्यात मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. बिघाड वाचणारे यंत्र आणि माहिती तालुक्याच्या मिस्त्रीपर्यंत पोहोचणे, हा त्या हक्काचा खरा अर्थ.

१८/१८
शेवटी हिशेब. जुन्या गाडीचे ॲव्हरेज १२, नवीचे २० आणि पेट्रोल लिटरला शंभर रुपये धरू. वर्षाला ३,००० किलोमीटर धावणाऱ्या घराची बचत १०० लिटर, म्हणजे दहा हजार रुपये. एवढ्यावर नवी गाडी घेणे परवडत नाही. वर्षाला २०,००० किलोमीटर असतील तर बचत सुमारे ६६७ लिटर, म्हणजे साडेसहासष्ट हजारांच्या वर. तेथे जुनी गाडी ठेवणेच महाग. त्यात १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे शुल्क धरावे: एप्रिल २०२२ मध्ये ते खासगी मोटारीसाठी पाच हजार रुपये झाले होते. एअरबॅग व एबीएस नसल्याची जोखीम धरावी. शेजाऱ्यांच्या श्वासात जाणारा धूरही धरावा, कारण ते बिल मालकाला येत नाही. मुंबईत ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सीचा प्रवास संपला तेव्हा अनेकांना गहिवरून आले, ते स्वाभाविक होते. पण गहिवर हा आठवणींचा हिशेब आहे. रात्री दोनला दवाखान्याकडे निघालेल्या घरासाठी पहिल्या चावीला सुरू होणारी गाडीच खरी, मग ती कोणत्याही सालची असो. (समाप्त)