नोटेवरची सही

नोट हाती आली की माणूस आकडा पाहतो. फार तर उजेडासमोर धरून ती खरी की खोटी हे ठरवतो. सहीकडे कोण बघतो?

आमचे जळकोट हैदराबाद संस्थानातले. तेथे निजामाचा हाली सिक्का चाले. इंग्रजी रुपयाचा भाव निराळा. आजोबा दोन्हींचा हिशेब बोटांवर करीत. त्यामुळे पैशामागे भरवसा कोणाचा, हा प्रश्न आमच्या घराला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर धारकाला रुपये देण्याचे वचन असते आणि त्याखाली गव्हर्नरची सही. १९४३ साली हे पद प्रथमच एका भारतीयाकडे आले. तो महाडजवळच्या नाते गावचा: चिंतामणराव देशमुख. १९५० साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. असा हिशेबी माणूस खुर्ची सांभाळील, असेच कोणालाही वाटावे. पण मुंबई केंद्रशासित करण्याचे घाटताच १९५६ साली त्यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जळकोट मुंबई राज्यात आले, आणि १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र झाला. तो अनेकांच्या त्यागाने झाला. पण हातची सत्ता सोडणारे त्यांत थोडेच.

नोटेवरच्या सहीमागे सरकारी तिजोरी उभी असते. राजीनाम्यावरच्या सहीमागे नुसता माणूस. चिंतामणरावांच्या सहीच्या नोटा केव्हाच चलनातून गेल्या. ती दुसरी सही मात्र अजून वटते आहे.