खोक्यातला डग्गा

आजोबांना तबल्याचं भारी वेड. पण म्हातारपणी उंच स्वर आधी हरवतात. खर्जाचे तेवढे टिकतात. म्हणून साताऱ्यात मी त्यांच्यासाठी प्लायवूडचं खोकं ठोकलं, स्पीकर बसवला, हवेसाठी पुठ्ठ्याची नळी लावली. पण डग्गा वाजे पत्र्याच्या डब्यासारखा! "छान आहे रे," आजोबा म्हणाले. ते माझं मन राखत होते, हे मला कळलं.

सुट्टीत सांगलीच्या मामाने मला मिरजेला नेलं. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तारेचा नाद मोठ्या भोपळ्यात कसा घुमतो, ते पाहिलं. मामा म्हणाला, "तुझ्या खोक्यातली हवा म्हणजे स्प्रिंग, नळीतली हवा म्हणजे तिला टांगलेलं वजन. नळी लांब केलीस की वजन वाढेल, झोका संथ होईल, सूर खाली येईल. आणि फटी बुजव!"

घरी येऊन फटींत भुसा आणि फेविकॉल भरलं. नळी दुप्पट लांब केली. तिचं आतलं टोक मागच्या फळीपासून दूर ठेवलं. मग कॅसेट लावली.

आजोबांनी डोळे मिटले. या वेळी ते "छान" म्हणालेच नाहीत. त्यांची बोटं मात्र मांडीवर ठेका धरत होती.

मित्रांनो, एवढी शाबासकी मला पुरली!