नातवंडांसह मुंबई : दोन रात्री, तीन दिवस

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली, की रक्तदाब तपासून घेता घेता अनेक आजी-आजोबा हळूच विचारतात, “डॉक्टर, नातवंडांना मुंबई दाखवायची म्हणतोय. जमेल ना?” वाचकहो, आपल्याही मनात हा बेत घोळत असेल, तर माझे उत्तर ‘अवश्य जावे’ असेच आहे. मात्र कोठे जायचे, हे ठरवण्याआधी कोण कोण जाणार, हे नीट ठरवावे.

अनेक घरांत हा भाग गृहीतच धरलेला असतो. मुलाला मुंबईत दोन दिवस कार्यालयाचे काम निघते, सूनबाईंनाही तिकडे कोणाला तरी भेटायचे असते आणि ‘आई-बाबा आहेतच की मुलांजवळ’ असे म्हणून सहा जणांची तिकिटे काढली जातात. घरच्या अंगणात दोन नातवंडे सांभाळणे वेगळे आणि अनोळखी महानगराच्या गर्दीत सांभाळणे वेगळे. तीन वर्षांचे मूल हात सोडवून पळाले, तर गुडघ्याची झीज झालेल्या माणसाला त्याच्यामागे धावता येत नाही. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही, हे शरीराचे साधे गणित आहे. म्हणून सहा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे धावू शकेल असा एक तरुण माणूस तिन्ही दिवस बरोबर असावा, असा माझा आग्रह असतो. तसा नसेल, तर आजी-आजोबांनी संकोच न करता ‘या खेपेस नको’ म्हणावे. घरातील कर्त्या मंडळींनीही हा नकार मोकळ्या मनाने घ्यावा.

माणसे ठरली, की मुक्कामाचा प्रश्न येतो, आणि तेथे नातेवाईक आडवे येतात. डोंबिवलीची मावशी किंवा बोरिवलीचे काका ‘हॉटेलात कशाला?’ म्हणून रुसतात. त्यांचे प्रेम खरे असते, पण तेथून दक्षिण मुंबई गाठायला तास-सव्वा तास लागतो. तेवढाच वेळ परतीलाही लागतो, म्हणजे दिवसाचे अडीच तास प्रवासातच जातात. हा वेळ लहान मुलाच्या झोपेतून आणि वडीलधाऱ्यांच्या विश्रांतीतूनच कापला जातो. फोर्ट किंवा चर्चगेटच्या आसपास साधे, स्वच्छ आणि लिफ्ट असलेले ठिकाण पाहावे. नातेवाइकांना संध्याकाळी समुद्रावर बोलवावे. मावशींची समजूत निघते, मुलाची बिघडलेली झोप मात्र तीन दिवस सगळ्यांना पुरते.

जाण्याचा काळ म्हणून मी दिवाळीनंतरचे दिवस सुचवतो. मे महिन्यात मुंबईचा पारा विदर्भाइतका चढत नाही, म्हणून तो उन्हाळा आपल्याला सोसेल असे वाटते. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही, तर शरीर थंड होत नाही. लहान मूल आणि वृद्ध या दोघांनाही उष्णतेचा त्रास लवकर होतो. पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून चालण्याची वेळ येते आणि त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. हिवाळ्याचा एकच दोष म्हणजे अलीकडे त्या दिवसांत मुंबईची हवा बरीच धुरकट असते. दम्याच्या रुग्णांनी आपला पंप मोठ्या बॅगेत न ठेवता खिशात ठेवावा.

रेल्वेने जात असाल, तर दादरला उतरण्याचा मोह टाळावा. तेथे गाडी थोडाच वेळ थांबते आणि मुले, बॅगा, काठी असा सारा संसार घाईने उतरवावा लागतो. गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जात असेल, तर शेवटपर्यंत बसून राहावे. गाडी तेथेच संपते, त्यामुळे गर्दी ओसरल्यावर सावकाश उतरता येते. शिवाय ते स्थानक हेच पहिले प्रेक्षणीय स्थळ आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या इमारतीला २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मुलांना त्याचे काय! त्यांना प्रवेशद्वाराच्या खांबांवरचे दगडी सिंह आणि वाघ दाखवावेत आणि भिंतींवरचे आणखी प्राणी शोधायला सांगावेत. अर्धा तास मजेत जातो, तिकीट लागत नाही आणि आजोबांना तेवढाच श्वास घ्यायला वेळ मिळतो.

त्या दिवशी याहून अधिक काही पाहू नये. जेवण, झोप आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हचा कठडा एवढे पुरे. समुद्र प्रथमच पाहणाऱ्या मुलाला दुसऱ्या कशाची गरज नसते. फक्त कठड्यावर मुलाला उभे करू नये आणि पलीकडच्या दगडांवर उतरू देऊ नये.

दुसऱ्या दिवसासाठी भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बुधवारी ते बंद असते, हे ध्यानात ठेवावे. लोकलने जाण्याची मुलांची हौस येथे भागवता येते. सकाळी सारी मुंबई टर्मिनसच्या दिशेने येत असते, त्यामुळे तिकडून निघणारी धीमी लोकल तुलनेने मोकळी मिळते. गाडी तेथूनच सुटत असल्याने चढण्याची घाई नसते आणि भायखळा हे तिसरेच स्थानक आहे. उतरताना मात्र दक्ष राहावे, कारण मधल्या स्थानकांवर लोकल अर्धा मिनिटही थांबत नाही. एका मोठ्या माणसाने आधी उतरावे, मधे मुले आणि शेवटी दुसरे मोठे माणूस. चुकामूक झालीच, तर मागे राहिलेल्याने जागा सोडू नये. पुढे गेलेल्याने पुढच्या स्थानकावर उतरून फोन करावा. हा नियम निघण्यापूर्वी घरीच सर्वांना सांगून ठेवावा. मुलाच्या खिशात दोन फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मूल हरवल्यास ११२ किंवा १०९८ आणि रेल्वेच्या आवारात १३९ हे क्रमांक उपयोगी पडतात.

बागेतले हंबोल्ट पेंग्विन मुलांना आवडतातच. त्यांचे दालन थंड असल्याने वडीलधाऱ्यांनाही तेथे बरे वाटते. मला स्वतःला ही बाग आवडते ती तिच्या जुन्या, प्रचंड वृक्षांच्या सावलीमुळे. आणखी एक गोष्ट सांगतो. मुंबईला आलो म्हणजे घारापुरीची लेणी पाहिलीच पाहिजेत, असा अनेकांचा हट्ट असतो. तेथे जायला होडीचा सुमारे तासाभराचा प्रवास आणि मग शंभराहून अधिक पायऱ्या! ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती आज बेटावर नाही. तो याच बागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. गुडघे दुखत असतील, तर घारापुरीऐवजी घारापुरीचा हत्ती पाहावा. लेणी नातवंडे मोठी झाल्यावर त्यांची ती पाहतील.

बारा वाजता परतावे. हा नियम मी कटाक्षाने पाळायला सांगतो. तीन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप हवी असते आणि सत्तरीच्या माणसालाही. निसर्गाने दोघांचे वेळापत्रक जुळवून ठेवले आहे, ते मधल्या पिढीच्या उत्साहाने मोडू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. सकाळी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले, नेहमीपेक्षा दुप्पट चालणे झालेले आणि जेवण दोन तास लांबलेले, अशा वेळी रक्तातील साखर घसरते. दरदरून घाम, हातांना कंप, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसली, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच साखरपाणी किंवा गोड सरबत द्यावे. ग्लानी आलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नये, १०८ वर फोन करावा.

प्रवासात घडणारी आणखी एक गोष्ट आपण सहसा कोणाला सांगत नाही. स्वच्छतागृह कोठे मिळेल या धास्तीने अनेक आजी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर दुपारपर्यंत चक्कर येते. सुनेने किंवा लेकीने हे ओळखून, प्रत्येक ठिकाणी पोचल्याबरोबर आधी स्वच्छतागृह विचारावे आणि मोठ्याने ‘आई, चला’ म्हणावे. मागावे लागले नाही, की आजी पाणीही पितात.

आता आजींच्या पर्सविषयी. घरी औषधांचा डबा कपाटावर असतो, प्रवासात तो पर्समध्ये येतो आणि पर्स पलंगावर पडते. नातवाला त्यात गोळी-बिस्किटाची आशा असते. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या औषधाची एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते आणि तो परिणाम काही तासांनीही दिसू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तसेच. खोलीत शिरल्याबरोबर औषधे उंचावर किंवा कुलपात ठेवावीत. मुलाने गोळी गिळल्याची शंका जरी आली, तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता, गोळ्यांचे पाकीट घेऊन थेट रुग्णालय गाठावे. परळचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय हे खास मुलांचेच आहे.

मुलांसाठी पॅरासिटामॉलचे औषध आणि ओआरएसची पाकिटे बरोबर असावीत. पॅरासिटामॉलच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या मिळतात. ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅमची आणि २५० मिलिग्रॅमची दिसायला सारखीच असते. म्हणून घरची नेहमीची बाटली न्यावी आणि वजनानुसार किती द्यायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचे असते. पेलाभर पाण्यात चिमूट चिमूट टाकू नये. गाडी लागते म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देण्याची पद्धत तर बंदच करावी. पोटाला हलके खाणे, खिडकीतून दूरवर पाहणे आणि मोबाइल बाजूला ठेवणे, एवढ्याने बहुतेकांचे भागते.

खाण्यापिण्यात मी फार कडक नाही. डोळ्यांदेखत तळलेला गरम बटाटेवडा, वाफाळती इडली खुशाल खावी. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे आणि पाणीपुरी मात्र नको. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि कोरडी चटणी बांधून घ्यावी.

दुसऱ्या संध्याकाळी दुमजली बसमध्ये बसावे. जुन्या लाल डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या, आता त्यांच्या जागी विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बस दक्षिण मुंबईत धावतात. वरच्या मजल्यावर नातवंडे आणि त्यांचा काका, खाली आजी-आजोबा. चालत्या बसमध्ये जिना चढू नये.

तिसऱ्या दिवशी एकच ठिकाण. मुले पाच वर्षांपुढची असतील, तर वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहावे. २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोमुळे ते आता जवळ आले आहे. लहान असतील, तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि त्याची बाग. ही इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. आजोबांनी बाकावर बसून हे सांगावे, तोवर मुले पेंढा भरलेले प्राणी पाहून येतील.

परतीचे तिकीट शनिवारचे काढावे, म्हणजे सोमवारच्या शाळेआधी एक रविवार मोकळा मिळतो. त्या दिवशी मुलाला जुलाब किंवा ताप नाही ना, हे पाहावे. आजी-आजोबांचे पायही पाहावेत. दोन्ही पावलांना सारखी आणि रात्रीत उतरणारी सूज बसून राहण्याची असते. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.